शहराचा अ‍ॅथलेटिक्स क्लब म्हणजे नेमकं काय असतं? बर्मिंगहॅमच्या बर्चफिल्ड हॅरिअर्सची गोष्ट

२०२२ च्या कॉमनवेल्थमध्ये अविनाश साबळेनं ३००० मीटर स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीचं, सिल्व्हर काढलं ते आठवतंय ना. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला मांडव्याचा पोरगा, सैन्यातला जवान, आणि शेवटी केनियाच्या अब्राहम किबिवोटच्या इतका जवळ की फरक फक्त ०.०५ सेकंदाचा, ८ मिनिटं ११.१५ आणि ८ मिनिटं ११.२०. ह्याआधी १९९८ पासून २०१८ पर्यंत प्रत्येक कॉमनवेल्थला ह्या शर्यतीची तिन्हीच्या तिन्ही पदकं केनियानं नेली होती, म्हणून त्या सिल्व्हरची किंमत सोन्यापेक्षा कमी नव्हती असं माझं तरी मत आहे.

तर ज्या ट्रॅकवर हे झालं ते बर्मिंगहॅमचं अलेक्झांडर स्टेडियम. गेम्ससाठी त्याचं नूतनीकरण झालं, तेवढ्यापुरती ३०,००० लोकांची सोय केली, आणि आपण टीव्हीवर बघितलं ते हे झगमगीत रूप. पण एरवी हे एका क्लबचं घर आहे, बर्चफिल्ड हॅरिअर्स, स्थापना १८७७. म्हणजे बघा, आधुनिक ऑलिम्पिक १८९६ ला सुरू झालं, हा क्लब त्याच्याही १९ वर्षं आधीचा.

आपल्याकडे अ‍ॅथलेटिक्सचा क्लब म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात काहीच येत नाही, फार तर सकाळी एकत्र पळणारा आणि रविवारी मॅरेथॉनचे फोटो टाकणारा ग्रुप. ब्रिटनमध्ये मात्र ह्या खेळाचा अख्खा डोलारा क्लबवर उभा आहे, आणि तो कसा, हे एक क्लब हातात घेऊन बघितलं तर पटकन कळतं. बर्चफिल्ड त्यासाठी फार छान उदाहरण आहे कारण त्यांच्याकडे सगळंच आहे, ऑलिम्पिक विजेते पण आणि बदनाम झालेला माणूस पण.

सुरुवात कुठून झाली तर एका शाळकरी खेळातून. इंग्लंडमधल्या मोठ्या निवासी शाळांमध्ये पोरं एक खेळ खेळायची, दोघं-तिघं ससा व्हायचे, पाठीवर पिशवीत कागदाचे कपटे घेऊन शेतातून, चिखलातून, ओढ्यातून पळत सुटायचे आणि मागे कपटे टाकत जायचे, बाकीची सगळी शिकारी कुत्री, ती त्या कागदाच्या मागावर. मोठी झालेली पोरं हाच खेळ शहरात घेऊन आली आणि हिवाळ्यात पळायला म्हणून क्लब काढले, १८६८ चा टेम्स हेअर अँड हाऊंड्स हा त्यातला पहिला समजतात. बऱ्याच ब्रिटिश क्लबांच्या नावाला हॅरिअर्सचं शेपूट असतं ते ह्याच खेळामुळे, हॅरिअर म्हणजे सशाच्या मागावर सोडायचा कुत्रा. बर्चफिल्डच्या बिल्ल्यावर मात्र पळणारं हरीण आहे, आता कुत्र्याच्या नावाच्या क्लबनं हरीण का घेतलं ते त्यांनाच माहीत, पण दिसतं भारी.

कागदाच्या मागे पळण्यात गंमत होती तसा गोंधळही होता. १८७६ ला लंडनजवळ एपिंग फॉरेस्टमध्ये पहिली राष्ट्रीय क्रॉस-कंट्री, म्हणजे ट्रॅक सोडून रानातून-चिखलातून पळायची स्पर्धा भरवली आणि सगळेच्या सगळे धावपटू रस्ता चुकले, म्हणून शर्यतच रद्द. पुढच्या वर्षी परत घेतली तेव्हा कुठे अधिकृत निकाल लागला. त्याच १८७७ मध्ये इकडे बर्मिंगहॅमच्या उत्तर भागात बर्चफिल्डची मंडळी जमत होती.

आता क्रॉस-कंट्रीचा हिशोब समजून घ्या, कारण क्लब ही कल्पना मला वाटतं इथेच तयार झाली. दिसायला ही वैयक्तिक शर्यत आहे, जो पहिला येईल तो जिंकला. पण त्याच शर्यतीत दुसरी शर्यत चालू असते, सांघिक. प्रत्येक क्लबचे पहिले सहा जण मोजतात, ज्याचा जो नंबर तेवढे त्याचे गुण, सहा जणांची बेरीज करायची आणि ज्या क्लबची बेरीज सगळ्यात कमी तो विजेता. समजा एका क्लबचा हिरो पहिला आला, पण त्यांचे बाकीचे पाच ४०, ५५, ७०, ९० आणि १२० व्या नंबरवर आले तर बेरीज ३७६. दुसऱ्या क्लबचा एकही माणूस पहिल्या दहात नाही, पण सहाच्या सहा जण १५ ते ४० च्या मध्ये घुसले, १५, २०, २४, ३०, ३३, ३९, बेरीज १६१. संघाचं बक्षीस त्यांचं, आणि तेही आरामात.

ह्याचा अर्थ असा की क्लबला एक हिरो असून भागत नाही, त्याला चांगला सहावा माणूस लागतो. तो दिवसभर कारखान्यात काम करून संध्याकाळी सरावाला येणारा, ज्याचं नाव पेपरात कधीच येणार नाही असा, पण चिखलात शेवटच्या चढावर त्यानं आणखी चार जणांना मागे टाकलं तर अख्ख्या क्लबचे चार गुण वाचतात. मग साहजिकच क्लब त्याला सांभाळतो, त्याला कोच बघतो, तो आजारी पडला तर कोणीतरी विचारायला जातं. आपल्याकडे कोल्हापुरात पेठेची तालीम असते ना, तिथे वस्ताद असतो, मैदान मारणारे एक-दोन पैलवान असतात आणि त्यांना रोज अंगाशी खेळवणारे पंचवीस जण असतात ज्यांना कोणी ओळखत नाही, साधारण तसंच. बर्चफिल्डनं राष्ट्रीय क्रॉस-कंट्रीचं सांघिक विजेतेपद १८८० ला मिळवलं आणि पुढे कितीतरी वेळा मिळवत राहिले, ते असल्या सहाव्या माणसांच्या जीवावर.

तोच काळ हौशीपणाच्या भांडणाचा. हे प्रकरण जरा नीट सांगतो कारण आज ते विचित्र वाटतं. १८६० च्या दशकात लंडनच्या साहेब लोकांनी जी संघटना काढली तिच्या नियमात हौशी खेळाडू कोण तर जो कारागीर, मेकॅनिक किंवा मजूर नाही तो. म्हणजे पैसे घेऊन पळत नसलात तरी हातानं काम करत असाल तर तुम्ही बाहेर. वरकरणी कारण असं की शारीरिक कष्टाची कामं करणाऱ्यांना ताकदीचा गैरफायदा मिळतो, खरं कारण काय ते आपल्याला वेगळं सांगायला नको, कोणी कोणाच्या शेजारी उभं राहायचं ही भांडणं आपल्यालाही चांगली माहिती आहेत. बर्मिंगहॅम तर सगळंच कारागिरांचं शहर, पितळ, बंदुका, निबं, बटणं, तिथे हा नियम लावला तर पळायला उरणार कोण. १८८० च्या एप्रिलमध्ये ऑक्सफर्डच्या रँडॉल्फ हॉटेलात अ‍ॅमॅच्युअर अ‍ॅथलेटिक असोसिएशन म्हणजे एएए स्थापन झाली आणि ती मजुरांवरची बंदी गेली. पैशाची बंदी मात्र राहिली, आणि ती चांगली शंभरेक वर्षं राहिली.

ह्या पैशाच्या बंदीत सापडला बर्चफिल्डचा पहिला मोठा स्टार, विल्यम स्नूक. १८८० च्या दशकात ह्या माणसानं एक मैलापासून दहा मैलांपर्यंतची राष्ट्रीय विजेतेपदं घेतली, वर स्टीपलचेससुद्धा. त्याचा प्रतिस्पर्धी म्हणजे मोसली हॅरिअर्सचा वॉल्टर जॉर्ज, तोही बर्मिंगहॅमचाच क्लब, त्यामुळे शहरातच जबरदस्त ठसन. जॉर्जनं शेवटी सरळ हिशोब केला आणि उघडपणे व्यावसायिक झाला, १८८६ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या लिली ब्रिजवर एक मैल ४ मिनिटं १२.७५ सेकंदांत पळाला आणि ती वेळ १९१५ पर्यंत कोणालाही मोडता आली नाही. स्नूक हौशीच राहिला, निदान कागदावर. १८८६ च्या राष्ट्रीय क्रॉस-कंट्रीत तो दुसरा आला आणि आरोप झाला की तो जिंकायला पळालाच नाही, बुकींशी संगनमत होतं. त्याला आजन्म बंदी घातली. पुढे हालाखीत दिवस गेले आणि १९१६ मध्ये बर्मिंगहॅमच्या वर्कहाऊसमध्ये, म्हणजे निराधारांना ठेवायचे तिथे, तो वारला.

तो खरंच मुद्दाम हरला का ह्यावर मी काही बोलणार नाही. पण व्यवस्था बघा ना कशी होती, हजारो लोक तिकीट काढून येतात, पैजा लागतात, मैदानवाला कमावतो, बुकी कमावतो, आणि जो पळतो त्यानं मात्र एक पैसा घेतला तर तो कलंक. अशा वेळी गरीब घरातला माणूस कधीतरी घसरणारच, आणि घसरला की सगळा दोष त्याच्या एकट्याच्या माथी.

असो. विसाव्या शतकात क्लबनं स्वतःचं मैदान केलं, १९२९ मध्ये बर्मिंगहॅमच्याच पेरी बार भागात अलेक्झांडर स्पोर्ट्स ग्राउंड, नाव दिलं विल्यम अलेक्झांडरचं, जो कितीतरी वर्षं क्लबचा सचिव होता. खेळाडू नाही, सचिव! पत्रं लिहिणारा, वर्गणी गोळा करणारा, शर्यतींच्या नोंदी पाठवणारा माणूस. आत्ताचं स्टेडियम वेगळं, ते १९७६ चं, तिथून जवळच पेरी पार्कात, पण नाव तेच चालू ठेवलंय.

ह्याच जुन्या मैदानावर घडलेली एक गोष्ट माझ्या मते ह्या क्लबच्या इतिहासातली सगळ्यात मोठी आहे आणि ती फार कमी लोकांना माहितीये. ६ मे १९५४ ला ऑक्सफर्डमध्ये रॉजर बॅनिस्टर एक मैल ४ मिनिटांच्या आत पळाला, ३:५९.४, हे शाळेच्या पुस्तकातसुद्धा असतं. त्याच महिन्यात, २९ मे ला, म्हणजे बरोबर २३ दिवसांनी, पेरी बारला बर्चफिल्डची डायेन लेदर मैल पळाली ४ मिनिटं ५९.६ सेकंदांत. ५ मिनिटांच्या आत मैल पळालेली जगातली पहिली बाई. तीनच दिवस आधी तिची वेळ होती ५:००.२, म्हणजे किती थोडक्यात हुकलं होतं बघा.

ही डायेन कोण, तर बर्मिंगहॅम विद्यापीठात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरी करणारी मुलगी, १९५२ चं हेलसिंकी ऑलिम्पिक बघून हिला पळावंसं वाटलं आणि ती क्लबात आली, तिथे डोरेट नेल्सन नील ह्या बाई कोच होत्या. दोन वर्षांत जगात पहिली. पण तिच्या नावावर विश्वविक्रम म्हणून काहीच लागलं नाही! कारण आंतरराष्ट्रीय संघटना बायकांच्या मैलाचा विक्रम तेव्हा मानतच नव्हती, मानायला लागली १९६७ पासून. १९५५ मध्ये तिनं ४:४५.० पर्यंत वेळ खाली आणली आणि ती सात वर्षं टिकली, तीही नुसती 'सर्वोत्तम कामगिरी'.

आणि ऑलिम्पिक? १९२८ ला अ‍ॅमस्टरडॅमला बायकांची ८०० मीटर पहिल्यांदा ठेवली, काही जणी शेवटी दमून ट्रॅकवर आडव्या झाल्या, आता ८०० मीटर जीव तोडून पळाल्यावर पुरुषही आडवेच होतात, पण पेपरवाल्यांनी तिखटमीठ लावून छापलं आणि शर्यत काढून टाकली ती थेट १९६० पर्यंत. १५०० मीटर तर १९७२ ला आली. म्हणजे डायेनच्या ऐन भरात तिच्या अंतराची एकही शर्यत ऑलिम्पिकमध्ये नव्हती. १९६० ला रोममध्ये ८०० आली तेव्हा ती पळाली पण भर ओसरला होता, फायनलला पोचली नाही. युरोपियन स्पर्धेत ८०० ची दोन सिल्व्हर तेवढी आहेत, १९५४ आणि १९५८.

मग ती पळत होती कुठे? तर क्लबच्या, विभागाच्या, जिल्ह्याच्या स्पर्धांत. क्लब ह्या गोष्टीचं महत्त्व मला इथे सगळ्यात जास्त दिसतं. ऑलिम्पिक नाही म्हणालं, जागतिक संघटना नाही म्हणाली, पण गावातल्या मैदानावर शनिवारी बायकांची मैलाची शर्यत होती, तीन माणसं घड्याळं घेऊन उभी होती, आणि म्हणून आज आपल्याला ४:५९.६ हा आकडा माहीत आहे. तिच्याही आधी ह्याच क्लबची ग्लॅडिस लन होती, तिनं १९३४ च्या एम्पायर गेम्समध्ये, म्हणजे आताच्या कॉमनवेल्थमध्ये, ८८० यार्ड पळण्यात पण सोनं घेतलं आणि भालाफेकीत पण. हे कॉम्बिनेशन आज कोणाला सांगितलं तर हसतील.

पुढची नावं भराभर घेतो. पीटर रॅडफर्ड, लहानपणी मूत्रपिंडाच्या आजारानं व्हीलचेअरवर होता, १९६० ला रोममध्ये १०० मीटरचं ब्राँझ, रिलेचं पण ब्राँझ. स्ट्युअर्ट भावंडं म्हणजे तर एका घरात तीन युरोपियन इनडोअर विजेते, इयन, पीटर आणि मेरी. इयननं १९७२ ला म्युनिकमध्ये ५००० चं ब्राँझ घेतलं आणि १९७५ मध्ये युरोपियन इनडोअर जिंकून लगेच पुढच्या आठवड्यात मोरोक्कोत जागतिक क्रॉस-कंट्री जिंकली, आधी लाकडी इनडोअर ट्रॅक आणि मग मोकळ्या मैदानात १२ किलोमीटर, हे कसं केलं कुणास ठाऊक. अ‍ॅशिया हॅन्सन, १९९८ ला तिहेरी उडीत १५.१६ मीटर, इनडोअर विश्वविक्रम. कॅथरीन मेरी, सिडनीत ४०० चं ब्राँझ. मार्क लुईस-फ्रान्सिस, अथेन्सला ४ बाय १०० रिलेच्या सोन्यातला शेवटचा धावपटू, अमेरिकेच्या मॉरिस ग्रीनला त्यानं ०.०१ सेकंदानं रोखलं. केली सॉदर्टन, अथेन्सला हेप्टॅथलॉनचं, म्हणजे सात प्रकारांच्या स्पर्धेचं, ब्राँझ. आणि डेनिस लुईस, २००० ला सिडनीत हेप्टॅथलॉनचं सोनं, ६५८४ गुण.

आता इथे जरा थांबून एक खरं बोलायला पाहिजे, कारण क्लबांच्या कौतुकात ते राहून जातं. डेनिस लुईस 'बर्चफिल्डची' असं सगळे म्हणतात, पण ती सुरुवातीला दुसऱ्याच क्लबात होती, शेजारच्या वोल्व्हरहॅम्प्टनला, नंतर इकडे आली. १९९७ पासून ब्रिटनमध्ये राष्ट्रीय लॉटरीचा पैसा थेट वरच्या खेळाडूंना मिळायला लागला, त्यांचे कोच वेगळे, फिजिओ वेगळे, सराव शिबिरं परदेशात. म्हणजे ऑलिम्पिक पदकाचं श्रेय क्लबनं एकट्यानं घेतलं तर ते काही खरं नाही. क्लब हिरो घडवतो हे अर्धवट सत्य आहे. क्लब खरं काय करतो तर दहा-बारा वर्षांच्या पोराला मंगळवार-गुरुवारी संध्याकाळी यायला जागा देतो, सगळे प्रकार करून बघायला देतो, आणि महिन्यातून दोनदा तरी खऱ्या स्पर्धेत उतरवतो. त्यातला एखादा पुढे जातो, बाकीचे वीस वर्षांनी तिथेच घड्याळ धरून उभे असतात.

कागदोपत्री हे चालतं कसं तेही सांगतो. तिथे प्रत्येक खेळाडूचा एक 'फर्स्ट क्लेम' क्लब असतो, म्हणजे स्पर्धेत त्याच्यावर पहिला हक्क कोणाचा. दुसऱ्या क्लबात सराव करता येतो, सभासदही होता येतं, पण लीगमध्ये गुण पहिल्या हक्काच्या क्लबला. क्लबकडून जिल्हा, जिल्ह्याकडून विभाग, मग राष्ट्रीय, अशी शिडी. आपल्याकडे शिडी वेगळी आहे, राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्र, केरळ, हरियाणा असे राज्यांचे संघ आणि त्यांच्या बरोबरीनं सर्व्हिसेस आणि रेल्वे. म्हणजे चांगला पळणारा पोरगा शोधतो काय तर नोकरी, सैन्यात नाहीतर रेल्वेत, आणि त्यात चूक काहीच नाही, पगार आहे, मेस आहे, कोच आहे. फक्त त्यात सहावा माणूस कुठेच बसत नाही. भरती झाली तर खेळ चालू, नाही झाली तर बावीस-तेविसाव्या वर्षी बूट खुंटीला.

क्रॉस-कंट्रीतला तो सहाव्या माणसाचा हिशोब उन्हाळ्यात ट्रॅकवर कसा येतो हे शेवटचं सांगतो, कारण मला ते सगळ्यात मजेशीर वाटतं. १९६९ पासून ब्रिटनमध्ये पुरुषांच्या क्लबांची राष्ट्रीय लीग सुरू झाली, बायकांची वेगळी. आठ क्लब एका मैदानावर, प्रत्येक प्रकारात प्रत्येक क्लबचे दोन जण, एक ए मध्ये आणि एक बी मध्ये. पहिल्याला ८ गुण, दुसऱ्याला ७, असं करत आठव्याला १. आणि जो क्लब माणूसच उतरवणार नाही त्याला भोपळा. आता १०० मीटरला माणसं मिळतातच हो, पण हातोडाफेकीला दोन? पोल व्हॉल्टला दोन? स्टीपलचेसला दोन? संघ व्यवस्थापकाचं निम्मं काम म्हणजे शनिवारी सकाळी फोन करत बसणं, अरे तू थाळी टाकतोस ना मग हातोडा पण टाक, फाऊल न करता एक टाकलास तरी पुष्कळ आहे. शंभर किलोचा गोळाफेक्या रिलेत पळतो, ४०० वाला पोल व्हॉल्टचा बांबू हातात घेऊन सगळ्यात खालच्या उंचीवरून कसाबसा पलीकडे पडतो आणि एक गुण आणतो. कधीकधी अख्खी लीग त्या एका गुणावर वरखाली होते.

वर पंचही क्लबांनीच आणायचे, वेळ घेणारे, वाळू सारखी करणारे, भाल्याची खूण करणारे, कमी आणले तर गुण कापतात. ही जुनी लीग २०१९ च्या मोसमानंतर बंद झाली आणि आता नॅशनल अ‍ॅथलेटिक्स लीग आहे, त्यात पुरुष आणि महिलांचे गुण एकत्र धरतात. त्यामुळे व्यवस्थापकाच्या फोनच्या यादीत आता पुरुषांच्या हातोड्याबरोबर बायकांचा पोल व्हॉल्ट पण आलाय.